बोर्तोलोने रचलेली ताल

मळ्याची दगडी ताल ढासळली तेव्हा ब्रिजिदा गोठ्यात गाईची धार काढत होती. आधी रिकामं पिंप घरंगळावं तसा आवाज आला. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग अख्खा डोंगर खाकरावा तसा दगडांचा खडखडाट झाला. गाईनं दचकून पाय झाडला, बादली कलंडली आणि दूध गवतात मुरून गेलं. एरवी ब्रिजिदानं गाईला चार शिव्या हासडल्या असत्या. आज ती तशीच उकिडवी बसून राहिली. आवाज कुठून आला हे तिला कुणी सांगायला नको होतं.

दोन-तीन दिवस पाऊस लागून राहिला होता. रोंकाया गावच्या वर द्राक्षांचे मळे पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जातात, आद्दा नदीच्या काठापासून थेट चेस्टनटच्या झाडीपर्यंत. प्रत्येक टप्प्याला खालून दगडी तालीचा आधार. दगडावर दगड बसवलेला, मधे चुना नाही की सिमेंट नाही. ब्रिजिदाचा टप्पा वर होता आणि त्याला लागून खाली एजिदिओ स्केरिनीचा. सप्टेंबर संपत आला होता, घड पिकून काळे होऊ लागले होते आणि तोडणी महिन्यावर आली होती.

ती धावत पोचली तोवर चारपाच माणसं जमली होती. एजिदिओची बायको देल्फिना चिखलात गुडघ्यांवर बसून नखांनी दगड उकरत होती. आपल्या टप्प्याखालच्या तालीनं पोट काढलंय हे पहाटेच एजिदिओच्या ध्यानात आलं होतं. लाकडाचा टेकू द्यायला म्हणून तो खाली शिरला, आणि ताल त्याच्या अंगावर आली. कमरेपासून खाली तो दगडमातीत गाडला गेला होता. तोंड पांढरंफटक पडलं होतं, पण शुद्ध होती.

"वरचा दगड ओढू नका रे! बाजूचे काढा आधी!" मागून कुणीतरी ओरडलं. ब्रिजिदाचा सासरा, म्हातारा बोर्तोलो, काठी टाकून चिखलातून येत होता. ही ताल त्यानंच रचलेली होती. लढाईच्या आधी, हातात ताकद होती तेव्हा. तो एजिदिओच्या डोक्याशी बसला आणि एकेका दगडावर बोट ठेवत गेला. "हा घे. आता हा. याला हात लावू नको." माणसं तो सांगेल तसा दगड उचलत गेली. एजिदिओ दात खाऊन पडला होता. एकदाच म्हणाला, "काका, पाय आहे का हो माझा?"

"आहे लेका, आहे," बोर्तोलो म्हणाला. पण त्यानं पायाकडे पाहिलं नव्हतं.

शिडीवर घोंगडी टाकून त्यावर एजिदिओला बांधलं आणि सगळे दगडी पायऱ्यांवरून सांभाळत खाली उतरले. रस्त्यावर ट्रक बोलावला होता, शहरातल्या इस्पितळात न्यायचं होतं. देल्फिना शिडीचा दांडा धरून चालत होती. बोर्तोलो सगळ्यांच्या मागून.

ब्रिजिदा गेली नाही. सगळे वळणाआड होईपर्यंत ती थांबली आणि मग चार पायांवर जनावर चढतं तशी आपल्या टप्प्यावर चढली. टप्प्याच्या कडेनं पाण्याचा चर होता, डोंगरावरचं पाणी थेट ओढ्यात नेणारा. त्या चरात तिनं जूनमध्ये दोन मोठ्या दगडी चिपा आडव्या घातल्या होत्या. चर तिच्या हद्दीत फुटका होता. दर पावसात पाणी बाहेर यायचं आणि तिची माती घेऊन जायचं. चिपा घातल्यावर पाणी आधीच वळलं आणि एजिदिओच्या बाजूच्या गवतात शिरलं. तिथं दाट गवत आहे, ते पाणी पिऊन टाकेल, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. चर दुरुस्त केला की काढून टाकू, असंही म्हटलं होतं. मग उन्हाळा कोरडा गेला. चिपा तिथंच राहिल्या.

पण पाणी गवतात राहिलं नव्हतं. तालीच्या पाठीमागं जाऊन साठलं होतं.

तिनं चिपा उपसल्या. एक हातातून निसटून तिच्या अंगठ्यावर आपटली, नख काळंनिळं झालं. दोन्ही चिपा तिनं दूर वेलींखाली टाकल्या, त्यांच्यावर पालापाचोळा ओढला आणि चरातच हात धुतले. पाणी आपल्या जुन्या वाटेनं सरळ ओढ्याकडे निघालं, जसं कुणी कधी वळवलंच नव्हतं.

एजिदिओ वाचला. पाय मात्र गुडघ्याखालून कापावा लागला.

बातमी आली त्या दिवशी ब्रिजिदा धुण्याच्या कुंडावर होती. थंड पाण्यात बायकांचे हात लाल झाले होते आणि तोंडं चालू होती.

"म्हाताऱ्याची ताल ती," एकीनं पिळा घालत म्हटलं. "गावभर टेंभा मिरवायचा, माझी ताल माझ्या नातवाच्या नातवापर्यंत टिकेल म्हणून."

"अगं, हळू. सून बसलीय."

"बसू दे की. सुनेचा काय दोष? तिनं का रचली?"

ब्रिजिदानं मान वर केली नाही. हातातली चादर ती घासत राहिली, स्वच्छ झाली तरी घासत राहिली. आता बोलावं, असं तिला वाटलं. चार शब्दांचं तर काम. तिनं चादर पुन्हा पाण्यात बुडवली. आणि मग कुणीतरी कुणाच्या लग्नाची गोष्ट काढली आणि वेळ निघून गेली.

रविवारी चर्चमधून बाहेर पडताना पिएरिनो मोल्तोनीनं बोर्तोलोला गाठलं. वसंतात आपल्या मळ्याची पडकी ताल बोर्तोलोनं रचून द्यावी असं त्याच्याशी बोलणं झालं होतं.

"काका, ते तालीचं राहू द्या," पिएरिनो टोपी हातात फिरवत म्हणाला. "माझा मेव्हणा म्हणतो, सिमेंट घालून करू. हल्ली सगळे तसंच करतात."

"सिमेंटच्या भिंतीतून पाणी कुठून जाईल?" बोर्तोलो म्हणाला.

पिएरिनोनं इकडंतिकडं बघितलं आणि हलकेच म्हणाला, "तुमच्या भिंतीतून तरी कुठं गेलं, काका?"

शेजारी उभी असलेली दोन माणसं हसली. वाईट हसली नाहीत, पण हसली. बोर्तोलोनं टोपी डोक्यावर खाली ओढली. घरी येईपर्यंत तो ब्रिजिदाच्या दोन पावलं मागं चालला. मक्याचा घाटा त्याच्यापुढं तसाच गार झाला.

"खा ना, मामंजी," ब्रिजिदा म्हणाली.

"उद्या देल्फिनाची ताल बांधायला घेतो," तो म्हणाला. "तोडणीच्या आत उभी राहिली पाहिजे, नाहीतर वरचा टप्पाही खाली येईल. तुझाच टप्पा आहे तो."

"तुमच्यानं होणार आहे का आता?"

"मग कोण करणार? चेल्सो नाताळला येणार." चेल्सो म्हणजे ब्रिजिदाचा नवरा. तो सीमेपलीकडं स्वित्झर्लंडमध्ये धरणाच्या कामावर होता, नाताळापुरता घरी यायचा. त्यांची एकुलती लेक मिलानला एका घरी कामाला होती. घरात उरलेली ही दोघंच. "मी पाडली, मीच उभी करीन," म्हातारा म्हणाला.

ब्रिजिदानं त्याचा गार घाटा उचलून पुन्हा चुलीवर ठेवला.

काम सुरू झालं. आधी मातीत मिसळलेले दगड वेगळे करायचे. मोठे एकीकडं, मधले एकीकडं, भरीच्या कपच्या एकीकडं. ब्रिजिदा पहारीनं दगड सोडवायची आणि पाठीवरच्या टोपलीतून आणून द्यायची. टोपलीच्या पट्ट्यांनी तिचे खांदे सोलून निघाले. काळं पडलेलं नख उखडलं, त्यावर तिनं फडकं बांधलं. दुखत होतं ते तिला बरं वाटत होतं. जरा कमीच दुखतंय असंही वाटायचं, आणि मग ती टोपलीत आणखी एक दगड टाकायची.

बोर्तोलो पायाशी बसून दगड हातात फिरवायचा, त्याचं तोंड शोधायचा, हातोडीनं एखादा टवका उडवायचा आणि बसवायचा. पूर्वी त्याचा दगड एकदाच बसायचा. आता तो बसवून काढायचा, पुन्हा बसवायचा, पुन्हा काढायचा. हात थरथरायला लागले की मांडीखाली दाबून ठेवायचा, सुनेला दिसू नये म्हणून.

"कुठं चुकलं ते कळत नाही बघ," तो एकदा म्हणाला. त्यानं जुना पाया उकरून पाहिला होता. "पाया हलला नाही. भरही नीट आहे. हा कोपरा तर अजून जसाच्या तसा. मग गेली कशी?" त्यानं कपाळावरचा घाम बाहीनं पुसला. "माझ्या आज्याच्या वेळी रोग पडला, सगळ्या वेली मेल्या. पण ताली उभ्या होत्या, म्हणून लोकांनी पुन्हा वेली लावल्या. वेल मरते. ताल मरायला नको. म्हणजे तेव्हाच कुठंतरी मी आळस केला असणार. आठवत नाही एवढंच."

ब्रिजिदानं टोपली रिकामी केली आणि पुढची आणायला वळली.

दुपारी देल्फिना जेवण घेऊन यायची. सकाळ इस्पितळात, दुपार मळ्यात, अशी तिची ओढाताण चालली होती. डोळे खोल गेले होते. ब्रिजिदाला ती हातात ताट द्यायची, शेजारी बसायची. बोर्तोलोचं ताट मात्र दगडावर ठेवायची आणि त्याच्याकडं न बघताच म्हणायची, "काका, तिथं ठेवलंय." एकेकाळी हाच म्हातारा तिच्या लग्नात मध्यरात्रीपर्यंत नाचला होता.

"तू आहेस म्हणून मी उभी आहे गं," देल्फिना ब्रिजिदाला म्हणाली. तिनं एप्रनच्या खिशातून रुमालात बांधलेला चीजचा तुकडा काढला. "हा घरी घेऊन जा. एजिदिओ रोज विचारतो, ब्रिजिदा येते का मदतीला. म्हटलं, बाईनं हाडांचं पाणी केलंय. म्हणाला, तिचे उपकार फिटायचे नाहीत."

"असं नको बोलूस," ब्रिजिदा म्हणाली.

"का नको? म्हाताऱ्याच्या चुकीपायी तू कशाला मरतेस? तू काय केलंस?"

पलीकडं बोर्तोलोचा चमचा थांबला. त्यानं ऐकलं होतं. मग तो पुन्हा खाऊ लागला, खाली मान घालून, शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखा.

तो चीजचा तुकडा ब्रिजिदानं घरी नेला आणि फडताळात ठेवला. कापायला तिची सुरी धजली नाही. त्याला बुरशी चढली.

ताल कमरेइतकी उभी राहिली, तेव्हा एका दुपारी बोर्तोलोच्या हातातून दगड निसटला. फार मोठा नव्हता. पण तो बसवताना म्हाताऱ्यानं सगळा जीव एकवटला होता. दगड घरंगळत खालच्या वेलींत गेला. बोर्तोलो तसाच हात पुढं धरून बसला आणि म्हणाला, "नाही गं जमत. मला बहुधा कधीच येत नव्हतं. लोकच चांगले होते, बोलले नाहीत."

ब्रिजिदानं टोपली उतरवली आणि त्याच्यासमोर मातीत बसकण मारली.

"मामंजी, ताल तुमच्यामुळं पडली नाही."

त्याचा पुढं धरलेला हात खाली आला.

"मी चरात चिपा घातल्या होत्या. पाणी वळवलं होतं. इकडं." तिनं गवताच्या पट्ट्याकडं बोट केलं. "ते पाठीमागं साठलं. एजिदिओला खाली नेलं तेव्हा मी वर जाऊन चिपा काढल्या."

बोर्तोलोनं चराकडं पाहिलं, मग गवताच्या पट्ट्याकडं, मग तालीच्या फुटलेल्या जागेकडं. पाण्याची वाट त्यानं नजरेनं उतरून घेतली. त्याच्या चेहऱ्यावर आधी आलं ते समाधान. ब्रिजिदाला ते स्पष्ट दिसलं. मान ताठ झाली, छाती भरली. मग हळूहळू ते सगळं उतरत गेलं आणि तो नुसताच म्हातारा दिसू लागला.

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस."

"मामंजी!"

"ऐक. मी आणखी किती हिवाळे काढणार? माझ्या नावाचं आता काय पिकायचंय? तुला इथं राहायचंय. याच पायऱ्यांवरून चढायचंय, याच कुंडावर धुवायचंय. चेल्सो वर्षातले अकरा महिने बाहेर. शेजार तुटला तर घराला आग लागली तरी विझवायला कुणी येणार नाही. ताल माझी होती, मीच वाईट रचली. झालं." तो गुडघ्यावर हात टेकून उठला. "जा, तो दगड घेऊन ये."

ती गेली आणि दगड घेऊन आली. त्यानं तो एका दमात बसवला. दगड असा बसला की जणू तिथंच जन्मला होता.

त्या रात्री कित्येक आठवड्यांनी ब्रिजिदाला गाढ झोप लागली. सकाळी जाग आली, अंग हलकं होतं, आणि मग झोप कशामुळं लागली ते आठवलं. शेजारच्या खोलीत म्हातारा खोकत होता. ओझं उतरलं नव्हतं, फक्त तिच्या पाठीवरून त्याच्या पाठीवर गेलं होतं. आणि ती घोरत पडली होती. तिनं चुलीपुढं बसून कपाळ गुडघ्यांवर टेकलं.

ऑक्टोबरच्या शेवटी तोडणी सुरू झाली. एजिदिओच्या मळ्यात अर्धं गाव मदतीला आलं. बायका कात्रीनं घड तोडत होत्या, पुरुष भरलेल्या टोपल्या पाठीवर घेऊन पायऱ्या उतरत होते. बोटं चिकट झाली होती, गांधीलमाश्या घोंघावत होत्या. नवी ताल उन्हात उभी होती. येणारा-जाणारा तिला हात लावून बघायचा आणि काही न बोलता पुढं जायचा.

दुपारी एजिदिओ आला. इस्पितळातून सुटल्यावर पहिल्यांदाच. पुतण्यानं त्याला पाठुंगळी घेऊन वर आणलं. खुर्चीवर बसवलं, कुबड्या शेजारी ठेवल्या. विजारीचा एक पाय दुमडून पिनेनं टाचला होता. सगळ्यांनी काम थांबवलं. भाकरी, चीज, चेस्टनट, गेल्या सालची वाइन पुढं आली. कुणी थट्टा केली, "एजिदिओ, आता बूट एकच घ्यावा लागेल रे, निम्म्यात काम!" तो हसला. मग सगळे हसले आणि हवा जरा मोकळी झाली.

मग एजिदिओनं पेला भरला आणि हाक मारली, "बोर्तोलोकाका, इकडं या."

बोर्तोलो आला.

"हा घ्या. इस्पितळात पडल्या-पडल्या मी पुष्कळ विचार केला. आधी तुमचा राग आला. खोटं कशाला बोलू, फार आला. पण माणसाचे हात आहेत, चुकतात. तुम्ही पुन्हा ताल बांधलीत, या वयात. आता मनात काही ठेवू नका. मी तुम्हाला माफ केलं, सगळ्यांसमोर केलं."

बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. बोर्तोलोनं डोक्यावरची टोपी काढली. विरळ पांढरे केस घामानं चिकटले होते. तो मान खाली घालून म्हणाला, "देव तुझं भलं करो, पोरा," आणि पेला घ्यायला हात पुढं केला. हात थरथरत होता. या वेळी त्यानं तो लपवला नाही.

"घेऊ नका," ब्रिजिदा म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. तिच्या हातात भरलेली टोपली होती.

"मामंजी, ती माफी तुमची नाही. घेऊ नका." आणि मग ती एजिदिओकडं बघून बोलली. चिपा, चर, गवत, जून महिना. त्याला खाली नेल्यावर ती वर गेली तेही. आवाज उंच नव्हता, पण मळ्यात दुसरा आवाजच नव्हता.

एजिदिओनं पेला हळूच जमिनीवर ठेवला. मग तो बोर्तोलोला म्हणाला, "काका, तुम्हाला ठाऊक होतं?"

बोर्तोलोनं मान डोलावली.

"मग मी दिलेलं परत घेतो. तुमच्याकडं येणं नव्हतंच ते." एवढं बोलून त्यानं तोंड नदीकडं फिरवलं. ब्रिजिदाकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

देल्फिना उठली. तिनं ब्रिजिदाच्या हातातली टोपली काढून घेतली. ओढली नाही, हिसकली नाही. एखाद्या परक्या पोराच्या हातातून आपली वस्तू घ्यावी तशी घेतली.

"ही आमची आहे," ती म्हणाली. "घरी जा."

ब्रिजिदा दगडी पायऱ्या उतरली. खाली पोचल्यावर मागून कात्र्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

बोर्तोलो तिच्याशी आठवडाभर बोलला नाही. पिएरिनो मोल्तोनी घरी येऊन गेला. तोंड पाडून म्हणाला, "काका, वसंतात तालीचं तेवढं बघा." म्हातारा हो म्हणाला, पण त्याला आनंद झालेला दिसला नाही. त्या रात्री जेवताना तो ब्रिजिदाला म्हणाला, "तुला द्यायला माझ्याकडं तेवढंच होतं. तेही ठेवून घेतलं नाहीस."

"जड होतं, मामंजी."

"तुझ्यासाठी?"

"तुमच्या डोक्यावरची टोपी उतरली ते मला बघवलं नाही."

म्हाताऱ्यानं मक्याच्या घाट्याचा घास मोडला, तोंडात घातला आणि पुष्कळ वेळ चावत बसला.

कुंडावर आता ब्रिजिदासाठी जागा व्हायची, जरा जास्तच व्हायची. ती आली की दोन्हीकडच्या बायका सरकायच्या. नाताळला चेल्सो आला, सगळं ऐकलं आणि तसाच एजिदिओच्या दारात गेला. देल्फिनानं दार उघडलं आणि बंद केलं. परत आल्यावर त्यानं ब्रिजिदावर हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. फक्त फुटका चर दोन दिवस खपून दुरुस्त केला आणि म्हणाला, "एवढंच करायचं होतं. मला चिठ्ठी टाकली असतीस तर मी उन्हाळ्यात येऊन केलं असतं." ते तिला मारापेक्षा जास्त लागलं.

चेल्सो परत गेला आणि थंडी कडक पडली. तालीबरोबर खाली आलेली माती एजिदिओच्या टप्प्याच्या बुडाशी ढीग होऊन पडली होती. ती वर न्यायला हवी होती, वेलींची मुळं उघडी होती. देल्फिना एकटीच टोपली घेऊन चढताना ब्रिजिदाला आपल्या खिडकीतून दिसली. दुसऱ्या दिवशी तिनं आपली टोपली पाठीला लावली आणि खाली गेली.

देल्फिनानं तिला पाहिलं आणि फावडं चालवत राहिली. ब्रिजिदानं दुसऱ्या बाजूनं माती भरली, वर नेली, ओतली, परत आली. दोघी एकमेकींना पायऱ्यांवर ओलांडत होत्या. वाट अरुंद. भरलेल्या टोपलीला रिकाम्या टोपलीनं वाट द्यायची, ही इथली रीत. देल्फिना भरलेली असली की ब्रिजिदा भिंतीला पाठ लावून थांबायची. ब्रिजिदा भरलेली असली की देल्फिना थांबायची नाही; मग ब्रिजिदाच ओझ्यासकट थांबायची.

असे पुष्कळ दिवस गेले. वरून जाणारे टोमणे मारायचे, "माती वाहून पाय उगवणार आहे का गं?" ती पुढची टोपली भरायला वळायची. घराच्या ओसरीत खुर्चीवर बसलेला एजिदिओ तिला ये-जा करताना दिसायचा. तो डोकं फिरवायचा, किंवा डोळे मिटून ऊन खात बसायचा.

एकदा पायऱ्यांवर बर्फ होता. चढताना ब्रिजिदाचा पाय घसरला, गुडघा दगडावर आपटला आणि सगळी माती खाली सांडली. ती तशीच रांगत माती टोपलीत गोळा करू लागली. खालच्या पायरीवर देल्फिना उभी होती, भरलेली टोपली पाठीवर घेऊन. वाट अडली होती.

देल्फिनानं वर वेलींच्या रांगेकडं पाहिलं. मग म्हणाली, "तू ती माती भलतीकडं ओततेस."

ब्रिजिदानं मान वर केली.

"कोपऱ्यात ओततेस, तिथं आधीच आहे. पलीकडच्या रांगेला नाही. तिथल्या मुळांना बर्फ लागतोय."

"बरं."

"आणि एवढ्या पहाटे येऊ नकोस. माती गोठलेली असते, फावडं बसत नाही. ऊन आल्यावर ये."

"बरं," ब्रिजिदा म्हणाली. तिच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, मोज्यात उतरत होतं. देल्फिनानं ते पाहिलं आणि विचारलं नाही.

"हे बघ, मी तुला माफ केलेलं नाही," देल्फिना म्हणाली. "पुढं करीन की नाही, सांगता येत नाही."

"माहीत आहे."

"माहीत आहे ना? मग झालं." तिनं टोपलीचा पट्टा खांद्यावर सावरला, भिंतीला पाठ लावली आणि थांबली. "चल, आधी तू भर. मी थांबते."